फेरेट, जिवाणू आणि बाजाराचा तराजू



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची ससेहोलपट असे प्रश्न दारात उभे असताना अमेरिकेच्या गवताळ रानातला किलोभर वजनाचा एक प्राणी आणि मातीतला एक जिवाणू यांची तुलना कशासाठी करावयाची, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. समाजाच्या ठेव्याचे मोल कोणी ठरवावयाचे, ते कोणत्या मापाने ठरवावयाचे आणि माप चुकले तर त्याचा दंड कोणी भरावयाचा, हे समाजवादी विचारातले मूलभूत प्रश्न होत. गिरणी, खाण आणि जमीन यांच्या संदर्भात चळवळीने ते शतकभर विचारले. जिवंत सृष्टीच्या संदर्भात मात्र ते पुष्कळदा अभयारण्यांच्या अधिकाऱ्यांवर आणि शहरी निसर्गप्रेमींवर सोपवले गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी ही दोन उदाहरणे उपयोगी पडतील.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी पाणी आणि हिरा यांचे कोडे घातले जाते. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तरी हिरा महाग. अॅडम स्मिथने या कोड्याच्या आधारे उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला भेद स्पष्ट केला. आजचे दोन्ही जीव या कोड्यात न बसणारे आहेत. एक अत्यंत दुर्मिळ, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. दुसरा मातीच्या कणाकणांत आढळणारा, पण त्याच्यापासून काढलेल्या औषधावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. यांपैकी कोणाचेही मोल बाजाराला वेळेवर कळले नाही, आणि हाच आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

प्रथम त्या प्राण्याची ओळख. काळ्या पायांचा फेरेट हा दिसायला काहीसा मुंगसासारखा, पण कुळाने पाणमांजराचा भाऊबंद. अंग पिवळसर, पाय काळे आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा. तो रात्री हिंडतो, दिवसा बिळात राहतो. बीळ मात्र त्याचे स्वतःचे नसते. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ मैदानांत प्रेरी डॉग नावाचा प्राणी वसाहती करून राहतो. नाव कुत्र्याचे असले तरी तो खारीच्या कुळातला. फेरेट त्याच्याच बिळात राहतो आणि त्यालाच खातो. त्याच्या आहाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एवढ्या एका प्राण्याचा असतो. म्हणजे प्रेरी डॉग गेला की फेरेटचे घर आणि अन्न एकाच दिवशी गेले.

प्रेरी डॉग गेला कसा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मूळ रहिवाशांना हुसकून ही मैदाने गुरांच्या मोठ्या मालकांच्या ताब्यात गेली. गुरांच्या तोंडचे गवत प्रेरी डॉग खातो अशी मालकांची तक्रार होती. १९०२ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातले मान्यवर प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम यांनी असा अंदाज छापला की, प्रेरी डॉगमुळे कुरणाची उत्पादनशक्ती ५० ते ७५ टक्क्यांनी घटते. पुढे झालेल्या मोजमापांत हा आकडा टिकला नाही. हानी काही ठिकाणी होते, पण ती या अंदाजाच्या जवळपासही जात नाही, असे दिसून आले. तोवर धोरण ठरून गेले होते. काजऱ्याच्या बियांपासून मिळणारे स्ट्रिक्निन धान्याला चोळून ते लक्षावधी एकरांवर टाकण्यात आले. खर्च मोठ्या प्रमाणावर सरकारी तिजोरीतून झाला. लाभ खासगी, खर्च सार्वजनिक आणि हानीची नोंद कोणत्याच वहीत नाही, असा हा व्यवहार होता. विषाची मोहीम फेरेटविरुद्ध नव्हती. त्याला मारण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. तो हिशेबात नव्हता, एवढेच.

१९६७ साली फेरेटचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आले. १९७९ साली पिंजऱ्यात सांभाळलेला अखेरचा फेरेट मेला आणि ही जात संपली असे मानले गेले. मग १९८१ साली वायोमिंग राज्यात मीटीट्सी या लहान गावाजवळ शेप नावाच्या एका पाळीव कुत्र्याने मेलेला फेरेट तोंडात धरून घरी आणला. शोध घेतल्यावर तेथे एक लहान वस्ती शिल्लक असल्याचे आढळले. १९८४ साली तेथे १२९ फेरेट मोजले गेले. पुढच्याच वर्षी रोगांनी ती वस्ती पोखरली आणि १९८७ पर्यंत उरलेले १८ फेरेट पकडून बंदिस्त जागेत आणावे लागले. त्यांपैकी केवळ सातांचा वंश पुढे चालला. आज रानात असलेले काही शे आणि प्रजननकेंद्रांतले सर्व फेरेट बहुतेक त्या सातांचीच संतती आहेत.

आता दुसरा जीव. पहिल्या पावसाचे थेंब तापलेल्या जमिनीवर पडतात तेव्हा जो मृद्गंध दरवळतो, त्यात मोठा वाटा मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो. या जिवाणूंचा एक मोठा गण आहे स्ट्रेप्टोमायसिस. बुरशीसारखे तंतू पसरून ते कुजणाऱ्या पानापाचोळ्यावर जगतात आणि झाडांचे अन्न पुन्हा मातीत मिसळतात. शेतकऱ्याने ज्याला कधी पाहिले नाही, पण ज्याच्यावाचून त्याचे शेत चालत नाही, असा हा बिनपगारी शेतमजूर.

या गणातल्या ग्रिसियस या जातीचे वर्णन १९१४ सालीच प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ती जात शास्त्रज्ञांच्या पुस्तकातली एक नोंद म्हणून पडून होती. १९४३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिच्यातून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. शेणखत घातलेल्या शेतातली माती आणि एका कोंबडीचा घसा, या दोन ठिकाणांहून त्याने तो जिवाणू मिळवला होता. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या क्षयाच्या जंतूवर हे औषध चालले. ब्रिटनमधल्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ विश्रांती दिलेल्या ५२ क्षयरोग्यांपैकी सहा महिन्यांत १४ दगावले. स्ट्रेप्टोमायसिनही दिलेल्या ५५ पैकी चार. औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होतात हेही त्याच चाचणीत दिसले आणि पुढे इतर औषधांची जोड द्यावी लागली. तरीही, ज्या रोगावर हवापालट आणि देवाचा धावा यांखेरीज उपाय नव्हता, त्यावर प्रथमच औषध मिळाले.

या शोधाच्या वाटणीची कहाणी श्रम आणि श्रेय यांच्या नेहमीच्या कहाणीहून निराळी नाही. पेटंट विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाकडे गेले. वाक्समन यांना स्वामित्वधनाचा वाटा मिळत असल्याचे पुढे शॅट्झला कळले. १९५० साली त्याने न्यायालयात दावा लावला. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि स्वामित्वधनात लहानसा वाटाही. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना देण्यात आले. ज्याच्या अंगातून औषध निघाले त्या जिवाणूचा आणि ज्या मातीत तो सापडला त्या मातीचा या वाटपात कोठेच उल्लेख नव्हता, हे सांगावयास नकोच.

या दोन कहाण्या एकमेकींना मिळतात त्या प्लेगच्या रोगात, आणि हा दुवा महाराष्ट्राच्या फार जवळून जातो. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू ओळखला गेला. तेथून समुद्रमार्गे पसरलेली साथ १८९६ साली मुंबईत येऊन थडकली. पुण्यातल्या रँडशाहीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवला. तीच साथ १९०० साली सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरली. उंदरांवरून ती रानातल्या खारींत गेली, खारींवरून प्रेरी डॉगमध्ये, आणि १९८५ साली मीटीट्सीच्या त्या अखेरच्या वस्तीजवळ पोचली. फेरेटच्या पूर्वजांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. प्लेगने प्रेरी डॉग मरत होते तोच कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाने फेरेटना गाठले. सावित्रीबाईंचा बळी घेणारा जंतू आणि आजही रानातल्या फेरेटचा सर्वांत मोठा शत्रू असलेला जंतू एकच आहे.

आणि त्या जंतूवर माणसाच्या हाती आलेल्या पहिल्या प्रभावी औषधांत स्ट्रेप्टोमायसिन होते. १८९७ साली ते असते तर पुण्यातले कितीतरी रुग्ण वाचले असते. ज्या जिवाणूने ते दिले तो तेव्हाही मातीत होताच. उणीव होती ती ज्ञानाची. फेरेटना आज एकेक करून पकडून प्लेगची लस टोचतात आणि प्रेरी डॉगच्या बिळांत पिसवा मारणारी पूड टाकतात. एकेकाळी ज्या सरकारने या बिळांत विष टाकण्यासाठी पैसा खर्च केला, तेच सरकार आज बिळातला जीव जगावा म्हणून खर्च करते. एका पिढीने वाचवलेला खर्च दुसरीला व्याजासह भरावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आता तुलना. पहिला भेद जपणुकीचा. जिवाणू वाळवून काचेच्या कुपीत ठेवला तर पुष्कळ वर्षांनीही पोषक द्रव्यावर तो पुन्हा वाढतो आणि आपले काम जसेच्या तसे करतो. फेरेटचे तसे नाही. १९८८ साली विला नावाच्या एका मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्यांपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन ही फेरेट जन्मली, आणि त्याच पेशींपासून झालेल्या अँटोनिया या मादीला २०२४ साली पिल्ले झाली. सात पूर्वजांच्या वंशात आठव्याचे रक्त मिसळण्याची ही वाट आहे. विज्ञानाचा हा पराक्रम थोर आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला रानात सोडण्यापूर्वी मातीच्या बिळांच्या कुंपणात ठेवून जिवंत प्रेरी डॉगची शिकार करण्याचा सराव द्यावा लागतो. पेशी गोठवता येतात, बिळांचे रान गोठवता येत नाही. जिवाणूची जात कुपीत जपता येते. फेरेट जपावयाचा तर त्याच्याबरोबर प्रेरी डॉग, गवत आणि जमीन ही सारी जपावी लागतात. म्हणूनच फेरेटचा प्रश्न अखेरीस जमिनीचा प्रश्न ठरतो.

दुसरा भेद मालकीचा. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बदल घडवलेल्या जिवाणूवर पेटंट घेता येते असा निर्णय पाच विरुद्ध चार अशा मतांनी दिला. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर जो बौद्धिक संपदेचा करार आला, त्याच्या सत्ताविसाव्या कलमाने देशांना वनस्पती आणि प्राणी पेटंटबाहेर ठेवण्याची मुभा दिली; सूक्ष्मजीवांना मात्र ती दिली नाही. भारतीय कायदाही २००२ साली त्याप्रमाणे बदलला. निसर्गात जसा आहे तसा सापडलेला जीव आपल्या कायद्यात आजही शोध ठरत नाही, हे खरे. तथापि दिशा स्पष्ट आहे. ज्यातून नफा निघतो त्या जिवाला कुंपण घालावयाचे आणि ज्यातून निघत नाही त्याला वाऱ्यावर सोडावयाचे, असा बाजाराचा न्याय. एकाला मालक मिळतो म्हणून तो सर्वांचा राहत नाही. दुसऱ्याला मालक नाही म्हणून त्याचा वाली कोणी नाही. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन अन्यायांचे मूळ एकच आहे.

याला पर्याय असू शकतो हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. गरिबाला परवडेल असे पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तेथे तयार झाले. एवढेच नव्हे, तर १९६० च्या सुमारास तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून याच गणातला एक जिवाणू शोधून त्याच्यापासून हामायसिन हे बुरशीविरोधी औषध काढले. जिवाणूला नाव मिळाले पिंपरिना. सार्वजनिक पैसा, इथली माती, इथले शास्त्रज्ञ आणि नफ्यापलीकडचे उद्दिष्ट, हे सारे तेथे एकत्र आले. नव्वदच्या दशकात हाच कारखाना आजारी ठरला. त्याला कारभारातले दोषही कारण झाले असतील, पण स्वस्त आयातीला दार सताड उघडून देणारे धोरणही तितकेच कारण होते. पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी देश चीनवर अवलंबून राहिला आणि ते पुन्हा येथे व्हावे म्हणून २०२० साली सरकारला खासगी उद्योगांसाठी प्रोत्साहन-योजना काढावी लागली. विष टाकून मग लस टोचण्याचाच हा दुसरा प्रकार.

येथे दोन आक्षेपांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा : जिवाणूने लाखो माणसे वाचवली, फेरेटने काय केले? याला पुष्कळ निसर्गप्रेमी असे उत्तर देतात की, उद्या फेरेटचाही काही उपयोग निघेल. हे उत्तर अर्धेच खरे आहे. १९४२ साली कोणी उपयोगाचा दाखला मागितला असता तर ग्रिसियस जिवाणू नापासच झाला असता. म्हणून आजच्या उपयोगावरून उद्याचे मोल ठरवू नये, हा धडा निश्चित मिळतो. पण प्रत्येक प्राण्याच्या पोटी औषध दडलेले आहे अशी आशा दाखवणे ही फसवणूक होईल. कदाचित फेरेटपासून माणसाला कधीच काही मिळणार नाही. तरीही त्याला संपवण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही. उत्पादन न करणाऱ्या वृद्धाला, अपंगाला, आजाऱ्याला समाजवाद टाकाऊ मानीत नाही. उपयोगावर जगण्याचा हक्क ठरवावयाचा नाही हे तत्त्व एकदा मान्य केले, तर ते माणसाच्या उंबरठ्याशी येऊन एकाएकी का थांबावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो या पक्षाच्या कार्यकर्त्यांकडूनच येतो. प्राणी वाचवण्याच्या नावाने नेहमी गरिबालाच उठवले जाते. आदिवासींना अभयारण्याबाहेर काढावयाचे आणि खाणीला परवानगी द्यावयाची, असे प्रकार या देशात घडलेले आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून प्राणी जाऊ द्यावा असा निष्कर्ष निघत नाही, जपणुकीचा भार कोणावर टाकावयाचा हा प्रश्न निघतो. फेरेटच्या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९९१ पासून त्यांना रानात सोडण्यास आरंभ झाला. ज्या भूमीवर त्यांना पुन्हा आसरा मिळाला त्यांत चेयेन रिव्हर सू, रोझबड सू, लोअर ब्रुले सू, नॉर्दर्न चेयेन अशा मूळ रहिवासी जमातींच्या राखीव जमिनी आहेत. ज्यांच्याकडून मैदाने हिरावून घेतली गेली, त्यांनीच त्या मैदानांतल्या हुसकलेल्या प्राण्याला जागा दिली. पुढे २०१३ साली जमीनमालकांशी करार करण्याची एक योजना आली : फेरेटला जागा द्या, त्यापायी तुमच्या नेहमीच्या कामावर नवी बंधने येणार नाहीत. शिक्षेच्या धाकापेक्षा सहभागाने काम होते हे तेथे उमगू लागले आहे. प्लेग मात्र अद्याप हटलेला नाही आणि काम कोणत्याही दिवशी कोसळू शकते, हेही विसरता येत नाही.

यातून चळवळीने तीन गोष्टी घ्याव्यात. सरकारी पैशाने होणाऱ्या कोणत्याही मोहिमेचा हिशेब मागताना, मग ती कीटकनाशकाची असो, धरणाची असो की औद्योगिक वसाहतीची, मातीतल्या आणि बिळातल्या हानीचा रकाना त्यात आहे की नाही हे पाहावे आणि मूळ आकडा कोणी, कसा काढला हे विचारावे. १९०२ चा एक आकडा केवढ्या विध्वंसाला पुरला ते आपण पाहिले. दुसरे, मातीतून मिळालेल्या औषधाची मालकी आणि किंमत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न समजून सार्वजनिक संशोधन आणि सार्वजनिक कारखाने यांचा आग्रह सोडू नये. तिसरे, जपणुकीचा खर्च सर्व समाजाने उचलावा. तो रानाजवळच्या गरिबाच्या माथी मारू देऊ नये.

आधी माणूस की आधी प्राणी, असा प्रश्न घालणारे पुष्कळ भेटतील. १८९६ साली मुंबईत आलेला रोग नव्वद वर्षांनी वायोमिंगच्या एका बिळापर्यंत पोचला आणि त्यावरचे औषध न्यू जर्सीच्या शेणखत घातलेल्या शेतात निघाले, एवढे त्यांना सांगावे. तेवढे ऐकल्यावर माणूस आणि प्राणी यांना दोन पारड्यांत घालण्याची घाई ते कदाचित करणार नाहीत.